न मोडणारा चाकू

॥ श्री ॥

देवळाली (प्रवरा),
२२ जानेवारी १९७१

ती. दादास,
सुमेधाचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीला दोन दिवस येऊन गेलास, घर भरल्यासारखं वाटलं. मामंजी रोज विचारतात, नगरचे मास्तर पुन्हा कधी येणार. त्यांच्याशी वाद घालायला तुझ्याइतका हौशी माणूस इथे कुठून मिळणार? इकडे सर्व क्षेम.

सर्व म्हटलं खरं, पण एक गोष्ट बिनसली आहे. यांचा घडीचा चाकू तू पाहिलाच आहेस. वीस वर्षं सहाणेवर घासून पातं इतकं पातळ झालेलं, की बोटाने दाबलं तर वाकावं. मामंजींच्या तोंडात एक दात नाही, त्यांच्यासाठी पेरूच्या चकत्या त्याच चाकूने निघत, आणि कलमं करताना जंबेरीच्या रोपांवर मोसंबीचे डोळे भरायलाही तोच. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पुंजारामने फडताळातून काढून उघडला, तर टोक मोडलेलं.

पुंजाराम आमचा सालगडी, नऊ वर्षं झाली. चाकूला यांच्याखालोखाल त्याचाच हात. हे म्हणाले, मोडला तर मोडला म्हण. तो म्हणाला, की म्या न्हाई मोडला, लेकराची आन. झालं! चूक चालेल, खोटं चालणार नाही, हा यांचा शाळेतला खाक्या घरीही तसाच. त्याला रोपांवरून काढून पाणी धरायला लावलंय. पाडव्याला साल संपतं, तेव्हा त्याला पुन्हा ठेवायचं नाही म्हणतात. आणि मास्तरांनी खोटा म्हणून काढला हे गावात झालं, की दुसरं कोण दारात उभं करील? मी यात काय बोलणार?

तू एक कर. नगरहून पातळ पात्याचा घडीचा चाकू निवडून पाठव. जगातल्या सगळ्या विषयांत तुला गती आहे, चाकूतही असेलच. वहिनींना नमस्कार. लोभ आहे तो वाढत राहो.

तुझी धाकटी,
सुमेधा

•

अहमदनगर,
४ फेब्रुवारी १९७१

चि. सौ. सुमेधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. शाळेच्या चाचण्यांमुळे उत्तरास उशीर झाला, राग मानू नये. तुझी वहिनी ठीक आहे. तिळाच्या वड्या सुमेधासारख्या आपल्याला जमत नाहीत, हे तिने प्रथमच मान्य केले.

सोबत चाकू पाठवीत आहे. चार दुकाने हिंडलो. पाते चांगले जाड आहे, मुठीला पितळी टोप्या आहेत. दुकानदाराने ते फळीत खुपसून वाकवून दाखवले, तरी ढिम्म हलले नाही. हा मोडणार नाही याची हमी मी देतो. फार पातळ पाते म्हणजे नसती कटकट, ते कधी ना कधी मोडायचेच. विष्णुपंतांना म्हणावे, एवढ्याशा वस्तूपायी इतकी वर्षे राबलेल्या माणसाला कशाला दुखवता? पुंजारामचे काय झाले ते मात्र लगेच कळव. विसरू नकोस.

मामंजींना सा. नमस्कार. ममता आहेच, ती तशीच असू द्यावी.

तुझा,
शामकांत

•

देवळाली (प्रवरा),
१८ फेब्रुवारी १९७१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चाकू मिळाला. दिसतो मोठा रुबाबदार, शेजारपाजारचे येऊन बघून गेले. पण दादा, अरे, त्याने पेरू चिरला जात नाही, फुटतो. पातं बोटभर आत गेलं, की फोडीच फोडी. मामंजींनी एक फोड चघळून परत ताटात ठेवली. रोपावर लावला तर साल चिरडली, नऊ डोळे वाया गेले. धार कितीही लावा, पाठच जाड, तिथे धार काय करणार?

तेव्हा पुन्हा बघ. यांनी सांगितलं ते लिहिते. धार बघायची नाही, ती घरी लावता येते. पात्याची पाठ बघायची. पाठीपासून धारेपर्यंत निमुळतं उतरत गेलेलं हवं. पितळ, नक्षी, दोन-दोन पाती काही नको. खिशात एक पेरू घेऊन जा आणि दुकानातच चिरून बघ. चकती पात्याला चिकटून अलगद सुटली पाहिजे. दुकानदार हसेल, हसू दे. आणि पातळ पातं मोडतं ते चिरताना नाही. नको तिथे घातलं तरच मोडतं.

पुंजारामचं विचारलं होतंस. तो गेला. पाडव्याची वाटही पाहिली नाही. पाणवठ्यावर त्याच्या बायकोला, चांगुणाला, कुणीतरी तुझा नवरा देवाच्या आणा खोट्या घेतो म्हणून ऐकवलं. दुसऱ्याच दिवशी दोघं पोरं घेऊन घोडेगावकडे तिच्या माहेरी गेली. तिथे रस्त्यावर खडी फोडतात म्हणे. जाण्याआधी चांगुणा माझ्याजवळ बसून रडली. मी तिला पायलीभर बाजरी बांधून दिली. दुसरं काही देता आलं नाही.

यांनी अजून नवा गडी ठरवलेला नाही. तुझ्या पत्राची वाट पाहते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुमेधा

•

अहमदनगर,
२ मार्च १९७१

श्री. विष्णुपंत यांस,
शामकांतचा कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र सुमेधाला नाही, तुम्हाला लिहीत आहे. पाच वेळा लिहून फाडले.

चाकूचे टोक मी मोडले. तुमच्या वडिलांसाठी मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता, त्याचे झाकण निघेना. सगळे बाहेर हळदीकुंकवाच्या गडबडीत होते. मी फडताळातला चाकू घेऊन झाकणाखाली घातला आणि जोर केला. कट्कन आवाज झाला. चाकू मिटला आणि होता तिथे ठेवून दिला. बाहेर येऊन तुमच्याशी धरणाच्या पाण्यावर वाद घालत बसलो.

त्या वेळी सांगितले असते तर दोन मिनिटे हसे झाले असते, इतकेच. तेवढेही सोसले नाही. सुमेधाचे पहिले पत्र वाचून तरी सांगायला हवे होते. त्याऐवजी बाजारात जाऊन मोडणार नाही असा चाकू शोधत हिंडलो. पुंजारामला दुखवू नका असा उपदेश तुम्हाला मीच केला, याची आठवण झाली की मान खाली जाते. सव्वीस वर्षे मुलांना खरे बोलावे म्हणून फळ्यावर लिहून देतो आहे. गेले काही दिवस खडू हातात धरवत नाही.

धार लावणाऱ्या शिकलगाराच्या पालावर पेरू घेऊन गेलो होतो. त्याने जुना, झिजलेला एक चाकू काढून दिला. चकती अलगद सुटते. तो पाठवीत आहे, पण त्याने काही भरून येत नाही हे जाणतो. हे पत्र पुंजारामला वाचून दाखवावे. चार माणसांत दाखवावे. मी स्वतः येऊन त्याचे पाय धरीन.

लोभ राहिला असेल तर थोडा असू द्यावा.

आपला अपराधी,
शामकांत

•

देवळाली (प्रवरा),
१७ मार्च १९७१

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

निवडणुकीच्या कामावरून हे परतले आणि तुझं पत्र हातात पडलं. उभ्याने वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. चहा घेतला नाही. सकाळच्या एस.टी.ने घोडेगाव गाठलं आणि खडीच्या ढिगावर, सगळ्या मजुरांसमोर, मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर टोपी काढून पुंजारामची माफी मागितली. तो म्हणे नुसता मान हलवत राहिला.

काल तो चांगुणाला घेऊन परत आला. पाडव्यापासून पुढचं साल ठरलं. तुझ्यावर हे रागावतील असं मला वाटलं होतं. उलट तुझं पत्र पेटीत जपून ठेवलंय आणि येईल त्याला सांगतात, आमच्या सासरची माणसं सरळ, स्वतःची चूक कागदावर लिहून देतात.

दादा, आता माझं ऐक. मोडलेलं टोक मला त्या डब्यात, बिस्किटांच्या चुऱ्यात सापडलं होतं. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी. ते मी आडात टाकलं. माझ्या भावाचं नाव या घरात खाली जाऊ नये, एवढंच तेव्हा सुचलं. चाकू तुझ्याकडूनच मागवला, की तू इशारा ओळखशील आणि आपणहून बोलशील. तो जाडजूड चाकू आला तेव्हा कळलं, की तू ओळखलंस आणि बोलणार नाहीस. तरी मी गप्प राहिले. चांगुणा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, तेव्हाही गप्प. तू निदान लिहिलंस. मी यांना अजून सांगितलेलं नाही आणि धीर होईल असं वाटत नाही.

काल पुंजाराम आधी स्वयंपाकघराच्या दाराशी आला. उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि यांच्यादेखत म्हणाला, की समदं गाव माज्यावर उलटलं, मास्तरबी उलटलं, पर वैनीबाईंनी वाकडा शबुद काडला न्हाई, त्यांचा येकट्यांचा इस्वास हुता माज्यावर.

मी त्याला चहा घे म्हटलं, आणि पातेलं घ्यायला आत वळले.

मागायला तोंड नाही, तरी माया असू दे.

तुझी,
सुमेधा