काळे पेले

प्रिय मुंगे,

यंदाची पानगळीची बिअर तयार होऊन टाकीत पडली आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. रंग तांबूस, उजेडाकडे धरली तर काठाला मधासारखी. फेस दाट, काचेला चिकटून राहणारा. आधी भाजलेल्या पावाची कड येते, मग करपत आलेली साखर, मग संत्र्याची साल, तीही आतल्या पांढऱ्या बाजूची. शेवटी सुकी पानं. ओली नव्हेत, पायाखाली चुरा झालेली. गोड म्हणता म्हणता कडू होते आणि तो कडवटपणा जिभेच्या मुळाशी जरा वेळ बसून राहतो. तुझ्या आईला आवडली असती.

घरी सगळं ठीक. खिडकीची कडी बसवून घेतली. परवा शेजारच्या वहिनी दार वाजवून सांगायला आल्या की तुमचं दूध करपतंय, जिन्यापर्यंत वास आलाय. मी ओट्याला टेकून पेपर वाचत होतो. वय झालं, असं म्हणून मी हसलो, त्याही हसल्या. पातेलं अजून भिजत घातलेलं आहे. रविवारी फोनवर तू ‘जेवलास का’ म्हणून विचारतेस, मी हो म्हणतो. काय जेवलास ते विचारत नाहीस हे बरं आहे. मला सांगता आलं नसतं.

बिअरच्या कारखान्यातली चाखायची खोली तशीच आहे. दोन खुर्च्या, पाठीला पाठ. काळे पेलेही तेच, टवके उडालेले. नव्या माणसांना गंमत वाटते. त्यांना सांगावं लागतं की रंग दिसला की जीभ आधीच मत बनवते, म्हणून पेले काळे. आणि समोरच्याचा चेहरा चुगली करतो, म्हणून पाठ. ही पद्धत आईची. पहिला घोट गप्प राहून घ्यायचा, मग एकाने एक शब्द, दुसऱ्याने एक शब्द. मी पाव म्हणायचो, ती म्हणायची, नुसता पाव नाही, कड. पण खरं सांगू का, तिच्या शब्दांच्या आधीच मला कळायचं. बिअर पसंत पडली की तिची पाठ सैल पडायची. इतकी वर्षं मी अर्धं जिभेने चाखलं आणि अर्धं पाठीने.

तू टेबलाखाली बसायचीस. बिस्किटं कुठेही लपवा, पिठाच्या डब्यामागे नाहीतर बुटांच्या खोक्यात, तू नाकाने माग काढायचीस. म्हणून मुंगी. आई गेल्यावर मालकांनी तिची जागा तुला देऊ केली, तेव्हा तू म्हणालीस की त्या खुर्चीत मी बसणार नाही. आता टूथपेस्टच्या कारखान्यात दिवसभर पुदिना हुंगतेस. टाकीवाला अजून त्यावरून हसतो. म्हणतो, पोरीने बापाचं तोंड धुवायचं काम धरलं.

मंगळवारी धाकटे मालक चाखायला आले. आईच्या खुर्चीत तेच बसले, दुसरं कोण बसणार. टाकीवाल्याने पेले आणून दिले. मी घोट घेतला आणि तुला वर लिहिलं तेच सगळं सांगितलं, त्याच क्रमाने. पाव, साखर, साल, पानं. घोट जरा पातळ लागला होता, पण मी थांबलो नाही. मागून काहीतरी ओतल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर त्यांनी आपला पेला काचेच्या ग्लासात ओतला होता. आत फिकट पिवळी बिअर. उन्हाळ्यातली, तळाशी उरलेली. टाकीवाल्याने चुकीचा नळ उघडला होता. तो कान पकडून उभा राहिला. त्याला कोणीच रागावलं नाही. मालक माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "काका, तुम्ही आठवणीतून बोलताय."

मागच्या थंडीत सर्दी झाली होती, तुला आठवत असेल. सर्दी गेली, जाताना वास घेऊन गेली. गोड कळतं, कडू कळतं, गार लागतं, बस. डॉक्टरने नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, येईल किंवा येणार नाही. मी कोणाला बोललो नाही. म्हटलं, आईचे शब्द पाठ आहेत, निभावून नेऊ. यंदाची पानगळीची बिअर कशी झाली आहे हे मला ठाऊक नाही, मुंगे. चांगली असेल किंवा बिघडलेली असेल. मालकांनी बाटल्या भरणं थांबवलं आहे. माझ्या हाताखाली आता नवं माणूस येईल, किंवा मी त्याच्या. ते म्हणाले, मुंगीला एकदा विचारून बघा, या टाकीपुरतं. मी म्हटलं, विचारतो. पण नुसत्या टाकीसाठी मी तुला लिहिलं नसतं.

आईचा कामाचा निळा डगला तुला आठवतो. तो न धुता मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून ठेवला होता. उघडायचा नाही असं ठरवलं होतं. थंडी सरताना एकदा उघडला. तोंड आत घातलं. काही नाही. कापूस, गार, एवढंच. मला वाटलं, गेला, वास उडून गेला, आपण उगाच उघडला. घाईने गाठ मारली. दूध करपलं त्या दिवशी वहिनी गेल्यावर ओट्याशी उभं राहून मला उमगलं की डगल्याचा वास कदाचित गेलेला नसेल. तो तिथे असेल, आणि मीच नसेन. तेव्हापासून पिशवी कपाटात आहे, मी हात लावलेला नाही. पुन्हा उघडली की थोडा आणखी कमी होईल, आणि माझ्या हातून तो वाया जाईल. तू ये. आईच्या खुर्चीत नको, तू माझ्या खुर्चीत बस, मी तिच्या बसतो. आधी बिअर चाख, मालकांना काय ते सांगून टाक. मग पिशवीची गाठ सोड आणि मला सांग काय काय येतंय. घाई नको, एकेक शब्द. नसेल काही, तर नाही म्हण. मी वळून बघणार नाही.

तुझाच,
बाबा