जांभळाचं मत

डोंबिवली (पूर्व), गुरुवार

ती. देवयानीताईस,
धाकट्या त्र्यंबकचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (दुखरा डावा असेल तर डाव्याची चौकशी केली असं समज.) नाशिकला थंडी पडली असेल, भावोजींना कानटोपी घालायला लाव. आमच्याकडे हिची पाठ, माझं पोट आणि सूनबाईंचा स्वभाव, तिन्ही आहे तिथेच आहेत. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस, मग मी घाबरून हवापाण्यावर बोलतो आणि ठेवून देतो. पत्रात तुला 'हं' म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

कल्याणच्या कॉलेजात मी तेहतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. राज्याचे घटक चार: लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व. हे मी इतक्या मुलांकडून घोकून घेतलं की भाजीबाजारात अजूनही कुणीतरी मला ते म्हणून दाखवतो. निवृत्तीनंतर एकदा दात घासताना माझ्या लक्षात आलं, की या चौघांत भूप्रदेश कधी तोंडच उघडत नाही. माणसं आपापसांत करार करतात, राज्य उभं करतात, आणि नदीला, झाडाला, जमिनीला 'तुमचं काय म्हणणं' असं कुणी विचारत नाही. शहाडला आत्याकडे गेलो की उल्हास नदीत पाय घालण्याआधी बाबा हात जोडून 'येतो गं' म्हणायचे, आठवतं? दिवेलागणीनंतर आई तुळशीचं पान तोडू द्यायची नाही, ती झोपलीय म्हणून. आपण फिदीफिदी हसायचो. मी तर पुढे त्याला भाबडेपणा म्हणून वर्गात परदेशी विचारवंत शिकवत बसलो. आता वाटतं, नागरिकशास्त्र ते दोघं शिकवत होते आणि मी मागच्या बाकावर झोपलो होतो. यावर मी एक ग्रंथ लिहायला घेतलाय. (दोन वर्षांत अर्पणपत्रिका पूर्ण झाली आहे.)

तर गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. विषय एकच, आपलं जांभळाचं झाड तोडून तिथे चार गाड्यांची जागा करणे. जांभळं पडून गाड्या डागाळतात, अशी तक्रार. आपलं बैठं घर जाऊन ही इमारत आली तेव्हा जुन्यांतलं तेवढं एकच झाड कुंपणाच्या कडेला म्हणून वाचलं होतं. मी उठलो आणि चाळीस मिनिटं बोललो. हे झाड इमारतीच्या आधीपासून इथे राहतं, तेव्हा ते सभासद आहे आणि त्याला मत हवं, त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलता कामा नये, असा एकूण आशय. (समोसे आले तेव्हा थोडा वेळ थांबलो.) मतदान झालं, अकरा विरुद्ध अकरा. अशा वेळी अध्यक्षाने निकाल लावायचा असतो. आमचा अध्यक्ष तानाजी, माझाच विद्यार्थी, दोनदा नापास झालेला. त्याची गाडी उन्हात उभी असते आणि बायको झाडाच्या बाजूने, म्हणून त्याने हात झटकले. म्हणाला, "सर, तुमच्या झाडालाच विचारा ना."

आता झाडाला विचारायचं कसं? तेवढ्यात तळमजल्यावरचे, मूळ सावंतवाडीचे धाकू शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे देवाक कौल लावतत. झाडाक लावूक काय हरकत?" झालं. सगळी सभा खाली. धाकूंनी जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या खोडाला दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर झाड राहील, डावी पडली तर जाईल. आता उजवी म्हणजे देवाची उजवी, बघणाऱ्याची नव्हे, एवढं मलाही ठाऊक होतं. पण झाडाचं तोंड कुठे? ताई, झाडाच्या वतीने कुणी बोलू नये हे ज्याने चाळीस मिनिटं सांगितलं त्या तुझ्या भावाने छातीठोकपणे जाहीर केलं, की तोंड रस्त्याकडे आहे. तीन मिनिटांत डावी पाकळी पडली. मग मी म्हणालो की नाही, नीट पाहिलं तर तोंड इमारतीकडे आहे, आपल्याकडे माया म्हणून. तानाजी म्हणाला, "सर, निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका बदलायची?" सगळे हसले, धाकू सोडून. ते पुन्हा कौल लावायला तयार होते, पण जास्वंद संपली होती.

शेवटी येत्या रविवारी अकरा वाजता पुन्हा मतदान ठरलं, फक्त माणसांचं. सभेनंतर मी झाडाखाली खुर्ची टाकून बसलो. तू वरच्या फांदीवर आणि मी खाली सदऱ्याचा ओचा पसरून, अशी आपली कामाची वाटणी होती. तू मुद्दाम कच्ची जांभळं माझ्या डोक्यावर मारायचीस आणि पिकली वरच संपवायचीस. संध्याकाळी आई दोघांना जीभ दाखवायला सांगायची आणि जांभळी जीभ तुझी असूनही ओरडा मला बसायचा. ते दिवस मला फार आठवतात.

असो. भावोजींना नमस्कार, तुझ्या नातवंडांना गोड पापे. पत्र लांबलं, पण एवढी वर्षं शिकवल्यावर कमी शब्दांत बोलणं जमत नाही, हे तू समजून घेशीलच.

तुझा,
त्र्यंबक

ता. क. तिसऱ्या मजल्यावरचा तुझ्या वाट्याचा फ्लॅट गेली नऊ वर्षं बंद असला तरी त्याला एक मत आहे. नियमाप्रमाणे सभासदाला स्वतः हजर राहावं लागतं. तेवीस झाले की बरोबरी होत नाही.

ता. क. २. बिल्डरचे कागद तुला पाठवले तेव्हा मी फक्त पेन्सिलीने फुल्या मारून 'इथे सही कर' असं लिहिलं होतं. दोन्ही आंबे आणि शेवगा जाणार, हे आत होतं. तू वाचणार नाहीस, माझ्यावर भरवसा ठेवशील, हे मला माहीत होतं. तू आलीस, फाटकातून नुसते बुंधे पाहिलेस आणि तशीच परत गेलीस, ते मी खिडकीतून पाहिलं. बाहेर यायचा धीर झाला नाही. चुकलो, ताई.

ता. क. ३. झाड तोडायच्या बाजूने मत दिलंस तरी चालेल, पण ये.