कळंबच्या ओसरीवर

मंगळवार, संध्याकाळ. कर्जत.

गोदाक्कांनी मला ओळखलं, गालावरच्या तिळावरून! उद्या कळंबला त्यांच्या घरी माझ्या मालिकेतल्या मुलीच्या मरणाचा प्रसंग घ्यायचाय, ते सांगायला गेले होते.

"टीव्हीवरली पोर तूच ना गं? तापानं मेलीस तवा आमी जेवलो नाय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "माज्या घरात पोर मारू नको, बाय."

मी दिग्दर्शिकेच्या आवाजात समजावत राहिले. नुसता अभिनय असतो, मीही आठ वर्षांची असताना केला, मला काही झालं का?

"आन् तुज्या आयनं बगितलं कसं?"

आई तिथंच होती, कॅमेऱ्यामागे, माझा स्वेटर घेऊन. माझ्या तोंडावर चादर ओढली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कितीतरी रात्री झोपेत कुणीतरी माझे तळपाय चाचपायचं. गरम आहेत ना, बघायचं. ते मला स्वप्न वाटायचं. आजपर्यंत वाटत होतं.

काल ही भूमिका करणाऱ्या मुलीच्या आईने विचारलं, "मॅडम, चादर तोंडावरून घेणार?" मी चटकन "हो" म्हणाले. कशी म्हणाले?

लेखकाला आत्ताच कळवलं, मुलगी मरत नाही, वाचते. चॅनेल चिडेल. चिडू दे.

लिहिताना तळपाय गार पडलेत. चाचपायला आता कुणी नाही.