संध्याकाळचा दवाखाना सुरूच राहणार

मंगळवार, ४ मार्च

सुटले! पालिकेची सभा बारगळली. गणपूर्तीच झाली नाही. निम्मे सदस्य कुठल्याशा उद्घाटनाला गेलेले. अध्यक्षांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, पुढच्या मंगळवारची तारीख दिली आणि मोकळे झाले. आज मतदान झालं असतं तर आमचा संध्याकाळचा दवाखाना गेलाच होता. बोटांवर मोजून बसले होते मी, दोन मतं कमी पडत होती.

म्हणे तो मोठ्या दवाखान्यात विलीन करायचा. मोठा दवाखाना दुपारीच बंद होतो आणि आमच्या प्रभागातले लोक कामावरून सुटतात संध्याकाळी. म्हणजे खोकला झाला तरी रजा टाका! हे माझं तीन सभांत सांगून झालं. ऐकतात सगळे, मान डोलावतात, आणि पुन्हा तोच विषय कार्यक्रमपत्रिकेवर.

असो. आठवडा मिळाला. बाहेर आल्या आल्या ह्यांना फोन केला — संपली एकदाची सभा, येते घरी. जिना उतरताना चक्क गुणगुणत होते.

तोच दिवस, जेवणाआधी

घोळ. मोठा घोळ.

सभेहून आल्यावर माझं डोकं चालत नाही, म्हणून लोकांना कळवायचे निरोप मी आधीच लिहून ठेवते. एक मंजूर झालं तर, एक नाही झालं तर. प्रभागाच्या ग्रुपवर ते टाकायचं काम ह्यांचं, कारण माझा अंगठा भलत्याच अक्षरावर पडतो. आज ह्यांनी मी घरी पोचायच्या आत निरोप टाकून दिला — ‘आनंदाची बातमी! आपला संध्याकाळचा दवाखाना सुरूच राहणार.’

मी कपाळावर हात मारला. तर म्हणतात, "अगं, तुझा आवाज इतका खुशीत होता! मला वाटलं, जिंकलीस."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या आवाजावरून काही ओळखायची ह्यांची ही पहिलीच वेळ, आणि तीही नेमकी आज. तिकडे ग्रुपवर फुलं, टाळ्या, जोडलेले हात. निरोप मागे घ्यावा तर अर्ध्या प्रभागाने तो पुढे पाठवलेला.

बुधवार, ५ मार्च

खुलासा लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. ह्यांचं मत — राहू दे, मंगळवारी मंजूर झालं की आपोआप खरं होईल. आणि नाही झालं तर? त्यावर ह्यांनी पेपर उघडला.

खरं सांगायचं तर मलाही मोह झाला. एवढं कौतुक गेल्या चार वर्षांत झालं नव्हतं. गटार दुरुस्त केलं तेव्हा कोणी एक फूल पाठवलं नाही.

संध्याकाळी सासूबाई पायाचं ड्रेसिंग करून आल्या आणि चप्पल काढता काढता म्हणाल्या, "सिस्टरने एका खासगी हॉस्पिटलची नोकरी नाकारली म्हणे. इथेच राहणार."

दवाखान्यातली सिस्टर कंत्राटावर आहे. दवाखाना बंद झाला तर तिचं कंत्राट तिथेच संपलं. घरात कमावती ती एकटी, आई अंथरुणावर. त्या हॉस्पिटलात कायमची जागा मिळत होती तिला. आमचा खोटा निरोप वाचून तिने ती सोडली! बाकी लोकांचं काय, चार शिव्या देतील आणि विसरतील. तिचं मात्र हेही जाईल आणि तेही गेलं.

सासूबाई मात्र खूश. दुसऱ्या कुणी ड्रेसिंग केलं की त्यांना म्हणे दुखतं.

गुरुवार, ६ मार्च

टाकला खुलासा. माझ्या अंगठ्याने, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. ‘कालचा आधीचा निरोप चुकीचा होता. मतदान झालेलं नाही. मंगळवारी आहे. दवाखाना हवा असेल तर सभेला या, वरच्या सज्जात बसता येतं.’ ‘कालचा आधीचा’ म्हणजे काय, असं निवृत्त हेडमास्तरांनी ताबडतोब विचारलं. मग एकाने लिहिलं, निवडणूक जवळ आली वाटतं. एकाने फुलं परत मागितली. परत कशी देतात ती?

पण बरं वाटलं. दोन दिवसांनी पोटभर जेवले.

शुक्रवार, ७ मार्च

सिस्टरकडे जाऊन आले. बाकांवर गर्दी, रंगारी, शिंपीणबाई, दोन ड्रायव्हर, एक तान्हं बाळ. ती कुणाची तरी टाचेची जखम धूत होती. मी शेजारी उभी राहून सगळं सांगून टाकलं — निरोप चुकून गेला, माझीच चूक, त्या हॉस्पिटलात मी स्वतः येऊन बोलते, पदर पसरते. ती म्हणाली, ती जागा भरली. सोमवारी दुसरी सिस्टर रुजू होते तिथे.

रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पट्टीची गाठ मारली, हात धुतले आणि म्हणाली, "होईल ताई. तुम्ही बसा ना, उभ्या का?"

मी बसले नाही. कशी बसणार!

रविवार, ९ मार्च

अजून दोन मतं कमीच. समोरच्या बाकावरच्या मिशीवाल्यांना फोन केला, त्यांनी उचलला नाही.

मंगळवार, ११ मार्च

राहिला! दवाखाना राहिला! एका मताने, पण राहिला!

नीट लिहिते. सज्जा गच्च भरला होता. शिव्या देणारे, फुलं परत मागणारे, झाडून सगळे आले होते. पायांना पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं कठड्याला धरून बसलेली. सासूबाई पहिल्या रांगेत, पाय पुढच्या कठड्यावर ठेवून, सगळ्यांना दिसेल असा. अध्यक्षांनी शांतता राखायला सांगितलं तर कुणी बोलतच नव्हतं. नुसते बघत होते.

‘दवाखाना चालू ठेवावा’ ही माझी उपसूचना मताला आली. आमच्या बाजूचे हात वर झाले. मी मोजले, कमीच. मिशीवाले माझ्या प्रत्येक विषयाला विरोध करतात, गतिरोधकालाही केला होता. ते सहज वर बघायला गेले आणि सज्जात त्यांच्याच सासूबाई! त्या आमच्या प्रभागात राहतात, हे मला आज कळलं. मिशीवाल्यांनी हात वर केला, पण अर्धाच, डोकं खाजवल्यासारखा. अध्यक्षांनी विचारलं, हा हात आहे का? त्यांनी पुन्हा वर पाहिलं आणि हात सरळ केला. मग त्यांच्या शेजारच्यानेही केला.

मला रडूच आलं. भर सभागृहात नाक पुसलं.

ह्यांना फोन केला तर आधी विचारतात, "आता हा आवाज रडका आहे. कोणता निरोप टाकू?"

बुधवार, १२ मार्च

किती दिवसांनी झोप लागली! सकाळी लोकांना व्यवस्थित कळवलं — दवाखाना राहिला, शाळेजवळचे दिवे या आठवड्यात लागतील, बागेचं फाटक अजून अडकलेलंच आहे. हेडमास्तरांनी एकही चूक काढली नाही. एक फूल आलं. पुरे.

शनिवार, १५ मार्च

ड्यूटी संपवून सिस्टर घरी आली, आभार मानायला. मी पुन्हा त्या निरोपाची माफी मागायला लागले. ती गोंधळून म्हणाली, "कोणता निरोप, ताई? त्या दिवशीही बाळाच्या रडण्यात मला तुमचं नीट ऐकू आलं नव्हतं. मी त्या ग्रुपवर नाहीये. हॉस्पिटलला तर मी महिनाभर आधीच नाही कळवलं होतं. तुम्ही दवाखान्याच्या दारात म्हणालात ना, ‘बघते मी, काळजी करू नका.’ मग मी नाही केली काळजी."

मी रोज कितीतरी जणांना असं म्हणते. तिला कधी म्हणाले, ते मला आठवत नाही.