लटारूच्या कुऱ्हाडीची पावती

मी, श्रावण इतवारी बांबोळे, वय एकसष्ट, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी जंगल खात्यात वनरक्षक व शेवटी वनपाल, आता पेन्शनर, राहणार मुलचेरा, जिल्हा गडचिरोली, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येते, पण त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही असे वकिलांनी सांगितले. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी पाजलेली नाही. छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे जबाब लिहिले. हा माझा आहे.

कलम एक. मुलचेऱ्याचे कौलारू घर, मागची विहीर आणि विहिरीजवळची दोन आंब्याची झाडे माझी पत्नी रुखमा हिला. तिच्यानंतर मुलगी गुणा हिला. पोस्टातले जे असेल तेही याच क्रमाने. गुणा शिक्षिका आहे, तिला हिशेब कळतो, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. आंब्याची झाडे माझ्या मागे कुणी तोडू नयेत. तोडायचीच झाली तर रीतसर परवानगी काढावी, मग भले झाड आपले असो.

कलम दोन. सायकल गुणाच्या नवऱ्याला. तिचा मागचा ब्रेक लागत नाही, हे त्याला आधी सांगावे. खाकी कोट, शिट्टी आणि तीन सेलची बॅटरी कुणाला हवी असल्यास द्यावी, नाही तर ठेवावी. तोडीच्या लाकडावर छाप मारायचा सरकारी हातोडा मी निवृत्त होताना कार्यालयात जमा केला व त्याची पावती घेतली. ती पावती ट्रंकेत वर आहे. हातोड्याची पावती मी मागून घेतली, हे पुढचे कलम वाचताना ध्यानात ठेवावे.

पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, एक. तो माझ्याकडे नाही. एका रेंजर साहेबांनी तो मध भरून नेला आणि परत पाठवला नाही. साहेब आता वारले. मध मी माफ करतो. गुंड रुखमाच्या आईचा होता, त्यामुळे तो माफ करण्याचा अधिकार मला नाही.

कलम तीन. कुऱ्हाडी. घराच्या मागच्या पडवीत भिंतीला अकरा कुऱ्हाडी टांगलेल्या आहेत. त्या माझ्या नाहीत. त्या कशा आल्या ते लिहितो, कारण याच कलमासाठी मी हा कागद करायला घेतला. घरदार रुखमाला तसेही मिळाले असते.

मी नोकरीला लागलो तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. पुढे माझी बीट, म्हणजे माझ्या राखणीतला जंगलाचा भाग, अभयारण्यात गेली, जिल्ह्याचे दोन झाले, पण आमच्या कामात फरक पडला नाही. कुणी झाड तोडताना सापडला तर केस करायची. केस म्हणजे पंचनामा, जप्ती, मग कोर्ट. कोर्ट लांब. तारखेला जायचे म्हणजे दोन दिवस पायी, दोन दिवस परत, आणि साहेब रजेवर असले की पुन्हा तेच. नांगराच्या लाकडासाठी किंवा झोपडीच्या डेळीसाठी, म्हणजे खांबासाठी, एखादा धावडा तोडलेल्या माणसावर एवढे लादायला माझे मन घेत नसे. मग मी काय करी, तर कुऱ्हाड काढून घेई आणि माणूस सोडून देई. कागद नाही, पावती नाही. वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात; लोक म्हणत, नाकेदार चांगला आहे. मलाही तसेच वाटे. कुऱ्हाड गेल्यावर त्या माणसाचे चार महिने कसे जात असतील, याचा विचार मी केला नव्हता.

त्या अकरांत केसरबाईच्या नवऱ्याची एक आहे, वारलूची एक, झिंगूच्या दोन (तो सुधारला नाही). प्रत्येकीच्या दांड्याला मी चिठ्ठी बांधून नाव लिहिले आहे. ज्याची त्याला किंवा त्याच्या वारसाला गुणाने स्वतः नेऊन द्यावी. हे दान नाही, दुसऱ्याची वस्तू परत करणे आहे. अकरावी लटारूची, तिचे पुढे येते.

माझे एक कसब होते आणि त्याचा मला गर्व होता. कुऱ्हाडीच्या धारेला कुठे दात पडलेला असेल तर घाव घातला की लाकडावर बारीक उभी शीर उमटते. प्रत्येक कुऱ्हाडीचे दात वेगळे. मी खुंट पाहून सांगत असे की ही कुऱ्हाड अमक्याची. दुसऱ्या रेंजचे साहेबसुद्धा मला बोलावून नेत. "बांबोळेला खुंट वाचता येतो," असे म्हणत. ऐकून मी फुगत असे.

लटारू उसेंडी, राहणार कोसमटोला, माझ्याच वयाचा. त्याच्या कुऱ्हाडीला दोन दात होते, एकमेकांना लागून. फेब्रुवारी १९७४ मध्ये तो बैलगाडीच्या आखासाठी लाकूड तोडताना मला सापडला. मी नेहमीप्रमाणे कुऱ्हाड घेतली, त्याला सोडले, कुऱ्हाड भिंतीला टांगली आणि विसरलो. त्याच साली नोव्हेंबरात, मी बांबूच्या कूपवर, म्हणजे तोडीच्या पट्ट्यावर, पाच दिवस मुक्कामाला असताना, माझ्या बीटमधला एक मोठा साग तोडला गेला. रेंजर साहेब स्वतः आले. मी खुंटावर बसून हात फिरवला. दोन शिरा, लागून लागून. साहेबांसमोर मी एका दमात नाव सांगितले.

लटारूच्या घरी गेलो. कुऱ्हाड सापडली ती नवी, धार साफ. मी लिहिले, "आरोपीने गुन्ह्यातील हत्यार नाहीसे केले आहे." लटारू ओसरीवर उभा राहून सगळे पाहत होता. तो म्हणाला, "नाकेदार, ते कुऱ्हाड त तुह्याच घरी हाये. तूच त नेली होती होळीच्या आंधी."

रेंजर साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "जास्त शहाणपणा करू नको." पंचनाम्यावर त्याचा अंगठा घेतला.

दुपारी जेवायला घरी आलो आणि आधी पडवीत गेलो. कुऱ्हाडी मी नेहमी पाते भिंतीकडे करून टांगतो, येता-जाता कुणाला लागू नये म्हणून. लटारूच्या कुऱ्हाडीचे पाते बाहेर होते. पात्याला सागाचा काळा डाग होता. रुखमाने भात वाढला होता. मी हात धुतले, जेवलो आणि परत कार्यालयात गेलो.

माझ्या घरातली कुऱ्हाड कोण घेऊ शकतो हे मला विचारावे लागले नाही. रुखमाचा भाऊ वामनराव दिवाळीच्या सुट्टीत बल्लारपूरहून आमच्याकडे आला होता आणि तिकडे त्याचे घर बांधणे चालले होते.

कोर्टात लटारूने तेच सांगितले. मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्याला विचारले, "जप्तीची पावती आहे?" तो म्हणाला, नाही. "कुणी साक्षीदार?" तो माझ्याकडे पाहू लागला. मग साहेबांनी मला विचारले, "तुम्ही याची कुऱ्हाड पूर्वी जप्त केली होती का?" हो म्हटले असते तर पुढचा प्रश्न होता, अशा किती केल्या. नोकरी गेली असती, आणि त्यात घरातला माणूस अडकला असता. मी म्हणालो, "नाही." एवढेच खोटे मी उभ्या नोकरीत बोललो, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगत आलो. एवढेच पुरेसे होते.

पुढच्या पावसाळ्यात लटारूला तीन महिन्यांची कैद झाली. ते रोवणीचे महिने होते. त्याची बायको बुधरी हिने एकटीने जमेल तेवढे धान लावले, बाकीची बांधी, म्हणजे धानाचे शेत, पडीत राहिली. त्यानंतर आमच्या रेंजमध्ये काहीही चोरीला गेले की शिपाई आधी लटारूच्या दारात जात. तो चोर ठरला तो माझ्या "नाही"मुळे, आणि अजून चोर आहे. मला याची लाज वाटते.

तो आत असतानाच बल्लारपूरला वामनरावची घरभरणी झाली. दाराची चौकट सागाची होती. तो पंगतीत मला वाढता वाढता हसून म्हणाला, "पाहा भाऊजी, तुमच्याच जंगलातली हाये. पॉलिश कशी बसली!" मी पुरी घेतली.

कलम चार. वामनराव यास माझ्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही. त्यास या मृत्युपत्राची एक नक्कल द्यावी. चौकटीला खिळा मारून लावायची असल्यास त्याची मर्जी. हे कलम लिहिण्यापूर्वी मी रुखमाला सगळे सांगितले. तिने निवडत असलेल्या तांदळाचे सूप खाली ठेवले. मग म्हणाली, "माहा भाऊ हाये तो." आणि सूप पुन्हा हाती घेत, "पन लिवा. नाव घालून लिवा."

तिला बरेच आधी काहीतरी कळले असावे. आम्ही चांद्याला छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात रोज पंचशील म्हणतो. खोटे न बोलण्याचे शील चौथे. एकदा तिने विचारले होते, "चौथ्यावर आलं का तुमचा गळा काऊन बसते?" मी म्हणालो, खोकला आहे. असा खोकला तेरा वर्षे राहत नाही.

कलम पाच. कोसमटोल्याच्या शिवेवरची माझी दोन एकर धानाची जमीन मी आधी लटारूच्या नावे लिहिली होती. ते कलम मी खोडले आहे. का खोडले ते लिहितो.

मागच्या मंगळवारी मी त्याच्याकडे गेलो. तो बांबूचा ताटवा विणत होता. मी कागद वाचून दाखवला, पंचनाम्यापासून जमिनीपर्यंत. त्याने विणणे थांबवले नाही. वाचून झाल्यावर विचारले, "हे लोकायले कधी कळंल?"

"मी मेल्यावर उघडतील."

"मेल्यावर काऊन? मी काई तुह्याहून लहान नाई. मीच आंधी मेलो त?"

मी कागदाची घडी घातली. मग मी जमिनीचे म्हणालो. त्याने मान हलवली. "जमीन नोको. तवा साहेबानं मले इचारलं, तुहा साक्षीदार कोन. माहा साक्षीदार तूच होता, नाकेदार. दुसरा कोन रायते जंगलात?" त्याने एक पट्टी ओढून घट्ट केली. "तुह्या कागदावर साक्षीदार लागते का नाई?"

मी म्हणालो, दोन लागतात. पण वकिलांनी बजावले होते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीला बसू नये, नाही तर मिळालेले जाते. हे मी त्याला नीट समजावले: जमीन घे किंवा अंगठा दे, दोन्ही होणार नाही. बुधरी आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "बांधी आमाले हाये. पोलीस येते तवा पोरगी घरात लपते. ते बंद कर."

लटारू म्हणाला, "मी साक्षीदार होतो. पन गावासमोर वाच. जिता असताना वाच."

म्हणून ती जमीन रुखमाला, तिच्यानंतर गुणाला. आणि हा कागद लखोट्यात बंद न करता आज कोसमटोल्याच्या शाळेच्या ओट्यावर गावकऱ्यांसमोर मी स्वतः मोठ्याने वाचणार आहे आणि वाचून झाल्यावरच सही करणार आहे. याची एक प्रत सहीनिशी कार्यालयातही देत आहे. त्यामुळे पेन्शनला धक्का लागला तर रुखमाला ते ठाऊक आहे आणि कबूल आहे.

कलम सहा. माझ्या सरणाला लाकूड डेपोतून आणावे व त्याची पावती करून घ्यावी. साग वापरू नये. जंगलातून कुणी प्रेमाने आणून दिले तर घेऊ नये, देणारा माझ्या मागे अडकेल.

कलम सात. कोर्टाने मागितलेली आणि मी न दिलेली पावती येथे देतो. तिचा दर्जा तोच समजावा.

पावती. लटारू उसेंडी, मौजा कोसमटोला, यांच्याकडून कुऱ्हाड एक नग, पात्यास लागून लागून दोन दात, मी फेब्रुवारी १९७४ मध्ये घेतली. तेव्हापासून ती माझ्या घरी भिंतीला होती. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्या कुऱ्हाडीने तोडलेला साग लटारूने तोडला नाही. कुऱ्हाड आज मालकास परत केली. देणारा: श्रावण इतवारी बांबोळे.

हे सर्व मी वाचले. वाचताना आवाज दोनदा बसला, गुरुजींनी पाणी दिले. मधले काहीही गाळलेले नाही.

ठिकाण: कोसमटोला, जिल्हा गडचिरोली.
तारीख: ११ डिसेंबर १९८८, रविवार.

सही: श्रा. इ. बांबोळे

साक्षीदार पहिला: झाडू सोमा गेडाम, शिक्षक, कोसमटोला. मृत्युपत्रकाराने माझ्यासमोर व गावासमोर वाचून सही केली. सही: झा. सो. गेडाम

साक्षीदार दुसरा: लटारू उसेंडी, शेतकरी, कोसमटोला. डाव्या हाताचा अंगठा. त्यांनी सांगितले ते गेडाम गुरुजींनी जसेच्या तसे लिहिले: "यानं वाचलं. म्या आयकलं, गावानं आयकलं. कुऱ्हाड भेटली. दांड्याले कीड लागली हाये, तो बदलीन. पातं माहंच हाये."