तीन पट्ट्यांची गाडी

१७ जानेवारी

प्रिय उलार,

मंगळवारी तुझी आई तुला कोठडीत भेटून परतली ती घरी न जाता सरळ आमच्याकडे आली. बूटही काढले नाहीत, उंबऱ्याशीच बसली. माझ्या आईने चहा दिला तर पेला हातात धरून राहिली, प्यायली नाही. म्हणाली, “पोरगा जेवत नाही गं. भिंतीकडे तोंड करून बसतो. एकच बोलतो, आई, मी चुकीचं बटण दाबलं.” मी आतल्या खोलीत होतो. बाहेर येऊन तिच्यासमोर बसायला हवं होतं, पण बसलो नाही. त्या दिवसापासून हे पत्र लिहितो आहे. चार वेळा फाडलं. हे पाचवं आहे आणि हे फाडणार नाही. तूही मध्येच टाकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगतो. तुमच्या छपरावरचा बर्फ मी परवा काढला. सरपण फेब्रुवारीअखेर पुरेल. तुझ्या बहिणीची, नाझिराची मुलगी बरी आहे, रडते खूप म्हणे. तिच्यासाठी तुम्ही नेत असलेला पाळणा घाटात गाडी उलटली तेव्हा फुटला, त्यामुळे तिला कपडे धुवायच्या टबात गोधडी घालून निजवतात. दुसरा पाळणा करून देतो असं सुतार म्हणाला, पण तुझी आई नको म्हणते. मावशीचे, म्हणजे बुरुलचा हिचे, मुलगे तुमच्या घराशी अजून बोलत नाहीत. तुझ्या वडिलांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ते तुमच्याकडे येणार नाहीत असं त्यांनी गावभर सांगितलं आहे. थोरला दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, “आमची आई त्याच्या भरवशावर गाडीत बसली होती. बापाला मारलं ते त्याचं घरचं, आमची आई का मारली?” मी मीठ घेऊन निघून आलो.

गाड्यांचे वर्ग मी कसे ठरवतो ते तू नेहमी चेष्टेने विचारायचास. “काय रे सीमिक, आज किती गाड्यांच्या पोटाखाली झोपलास?” मी कधी नीट सांगितलं नाही. आज सांगतो.

आमच्या तपासणी आवाराच्या भिंतीवर नियमांचा कागद ठोकलेला आहे. त्यावर तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग खाली बसक्या साध्या गाड्यांचा, काचेवर एक पट्टी. दुसरा वर्ग क्रॉसओव्हरचा, दोन पट्ट्या. म्हणजे घरातली माणसं, पोरं, सामान नेणारी उंच गाडी; दिसायला जीपसारखी, पण खालचा सांगाडा साध्या गाडीचाच. तिसरा वर्ग खऱ्या जीपचा, तीन पट्ट्या. नोव्हेंबर ते मार्च घाटात बर्फ असला की फाटकावरचा माणूस फक्त काचेवरच्या पट्ट्या बघतो. एक किंवा दोन असल्या तर परत पाठवतो. तीन असल्या की दांडा वर करतो. तो गाडी बघत नाही. त्याला तेवढा वेळ नसतो आणि त्या थंडीत तो वाकणारही नाही. वाकून बघायचं काम माझं आहे.

आपल्याकडे उंच गाडी दिसली की सगळे जीप म्हणतात. माझी आईही म्हणते. पण उंचीवरून वर्ग ठरत नाही. मी खाली झोपून आधी बघतो की इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत जातो का. जात असेल तर गाडीच्या पोटाखालून पुढून मागे एक लांब दांडा जातो, शाफ्ट. तो नसेल तर मागची चाकं नुसती ओढली जातात, ढकलत नाहीत. मग पोट जमिनीपासून किती वर आहे ते मोजतो. मधोमध वीस सेंटिमीटर तरी हवं. मग पुढच्या चाकासमोर लाकडी पाचर लावून बघतो की पंचवीस अंशांचा चढ नाक न घासता घेईल का. एकाच नावाची, एकाच रंगाची गाडी कारखान्यातून दोन्ही प्रकारची येते, काहींना शाफ्ट असतो, काहींना नसतो. उभं राहून फरक कळत नाही. वर दोघींची आसनं तीच, दारं तीच, चाकंही तीच.

चौदा ऑक्टोबरला, मंगळवारी सकाळी, तुम्ही गाडी घेऊन आलात. घोड्यांचा कळप विकून तुझ्या वडिलांनी ती घेतली होती, त्यामुळे वाडीभर गाजावाजा होता. चाकांना अजून नव्या गाडीसाठी कापलेल्या मेंढ्याचं रक्त लागलेलं होतं. पाच जणांच्या गाडीत आठ जण बसून आले होते, त्यातले सहा पांढऱ्या दाढीचे. तोलोगोन बाइके, माझे साहेब, कोट न घालताच बाहेर धावले आणि ओरडले, “शारशेनबेक आका, मुबारक असो! जीप घेतलीत!” तुझे वडील गाडीभोवती फिरले, घोड्याच्या मानेवर थाप मारतात तशी टपावर थाप मारली आणि म्हणाले, “घोडी चारा खायची, ही पेट्रोल खाते. पण ही लाथ मारत नाही.” मग सगळ्यात वयस्कर आजोबांनी तळहात उघडले, सगळ्यांनी उघडले, मीही हातातली पाचर खाली ठेवून उघडले. आजोबा म्हणाले, “या जीपचं चाक कधी घसरू नये, आत बसलेला सुखरूप उतरावा, हिने नातवंडं वाहून आणावीत.” सगळ्यांनी ओमिन म्हणून तोंडावरून हात फिरवले.

त्यानंतर मी गाडीखाली गेलो. उलार, आशीर्वाद आधी झाला आणि तपासणी नंतर. उलटं झालं असतं तर कदाचित माझ्या तोंडून शब्द निघाला असता.

खाली शाफ्ट नव्हता. मी दोनदा बघितलं, विजेरी लावून बघितलं. मागची चाकं एका साध्या आडव्या तुळईवर बसवलेली होती. पोट जमिनीपासून सोळा सेंटिमीटर सात मिलिमीटर वर होतं. पाचर लावली तर नाक आधीच टेकलं, सतरा अंश. तिन्ही मापं मी माझ्या वहीत लिहिली. मी सरकारी कागद भरण्याआधी नेहमी वहीत लिहितो, म्हणजे खाडाखोड होत नाही. वर्ग दुसरा. यात शंकेला जागा नव्हती.

बाहेर आलो तेव्हा माझ्या पाठीला चिखल होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. तुझ्या वडिलांनी विचारलं, “काय रे वैद्या, पोट तपासलंस? गाभण आहे का?” सगळे हसले. मी म्हणालो, “बाबा, हिची मागची चाकं...” तेवढ्यात एक आजोबा म्हणाले, “मागची चाकं मागेच असतात, लेकरा. आठवीनंतर शाळा सोडली की असं होतं.” मग तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तुझे वडील हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी कळलं होतं असं मला वाटतं, आणि सगळ्यांसमोर मी ते बोलू नये असंही त्यांना वाटत होतं. ज्याने घोडे विकले त्याला, ज्या गाडीवर म्हाताऱ्यांनी नुकतेच हात उघडले ती जीप नाहीच, असं मी कसं सांगणार होतो? आशीर्वाद परत घ्या म्हणायचं? आपल्याकडे असं कोणी केलेलं मी ऐकलं नाही. तोलोगोन बाइकेंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “उंच आहे ना? मग जीप. तीन लिही आणि चल, बोरसोक आत्ताच तळलेत, गरम आहेत.”

मी तीन लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. खाली सही माझी आहे.

पट्ट्या चिकटवताना तू काच पुसून दिलीस. तुला आठवत असेल किंवा नसेल, तू हळूच विचारलं होतंस, “चारही चाकं चालतात ना रे?” मी मान हलवली. होकाराची. तू मला एकट्याला विचारलं होतंस, तेव्हा कोणी म्हातारा ऐकत नव्हता, कोणाची लाज जाणार नव्हती. त्या मान हलवण्याला मला आजवर कारण सापडलेलं नाही.

त्यानंतर दोन महिने मी रोज ठरवत होतो की तुला सांगायचं. नोव्हेंबरात दुइशेन मास्तर अगदी तशीच गाडी घेऊन आले, तोच रंग, तीही बिनशाफ्टची. मी दुसरा वर्ग लिहिला. ते एकटेच आले होते, सोबत कोणी नव्हतं, म्हणून मला जमलं. त्यांनी मला भरपूर ऐकवलं. “शारशेनबेकची ती जीप आणि माझी कोंबडी का?” असं म्हणाले. मी त्यांच्या काचेवर दोन पट्ट्या चिकटवल्या. एकोणीस डिसेंबरला फाटकावर त्यांची गाडी तुमच्या पुढे होती. त्यांना परत फिरवलं आणि तुमच्यासाठी दांडा वर केला. मागच्या आठवड्यात मास्तर आमच्याकडे आले, भाकरीचा तुकडा मोडला आणि गेले.

त्या सकाळी तू बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या गाडीत टाकत होतास हे तुझ्या आईने सांगितलं. वडील म्हणाले, “जीपला साखळ्या? लोक म्हणतील शारशेनबेकने बैल घेतला.” तू त्या परत भिंतीला टांगल्यास. अजून तिथेच आहेत, छप्पर साफ करताना मी बघितल्या. तू ऐकायला नको होतंस असं लोक म्हणतात. पण काचेवर तीन पट्ट्या होत्या आणि तुझ्या मित्राने मान हलवली होती. तू का ऐकू नये?

आता बटणाचं. घाटातल्या सावलीच्या वळणावर पुढची चाकं जागीच फिरू लागली, गाडी थांबली आणि मागे घसरू लागली. तेव्हा वडील ओरडले, “चार चाकं लाव! चार चाकांचं बटण दाब!” तू खाली बघितलंस, बर्फाच्या फुलाचं चित्र असलेलं बटण दाबलंस, मग त्याच्या शेजारचं, मग पुन्हा पहिलं. तुझ्या जबाबात असंच आहे आणि त्यावरूनच तुझ्यावर ठपका ठेवला आहे की चालक रस्त्यावरून नजर काढून बटणांशी खेळत होता. उलार, बर्फाच्या फुलाचं ते बटण फक्त इंजिनाचा जोर सौम्य करतं. शेजारचं काच गरम करतं. चार चाकांचं बटण त्या गाडीत नाहीच. कुठेच नाही. जोर मागे न्यायला खाली काहीच नव्हतं, मग बटण कशाचं असणार? तू चुकीचं बटण दाबलं नाहीस. बरोबर बटण तिथे नव्हतंच. तू अख्खा महिनाभर शोधलं असतंस तरी सापडलं नसतं. हे तुला एकट्यालाच माहीत नव्हतं असं नाही, जगात एकालाच माहीत होतं, आणि तो त्या वेळी आवारात बसून चहा पीत होता.

मी बोलायला गेलो नाही असं समजू नकोस. पहिल्यांदा तपास अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलो तर आत तोलोगोन बाइके बसलेले होते. मला बघून म्हणाले, “ये, ये, शाफ्टवाल्या.” मी परत आलो. रस्त्यात त्यांनी गाठून सांगितलं, “कागदावर सही तुझी आहे, माझी नाही. मी तीन लिही म्हणालो याला साक्षीदार कोण? सगळे बोरसोक खात होते. तू तोंड उघडलंस तर उलार सुटेल आणि त्याच्या जागी तू बसशील. तुझ्या आईला आणि बहिणींना कोण बघेल, मी?” दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दारावरच्या शिपायाने विचारलं, “घाटात होतास का?” मी नाही म्हणालो. “मग गर्दी करू नकोस.” तिसऱ्यांदा मी त्या दारासमोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडात जीभच नव्हती. तू मला शाळेपासून ओळखतोस. फळ्यापाशी उभं केलं की येत असलेलं उत्तरही मला देता यायचं नाही. लिहून मात्र मी सगळं देऊ शकायचो.

तुझ्या आईने मंगळवारी जाताना आणखी एक गोष्ट सांगितली. तुला येणारं प्रत्येक पत्र आधी तपास अधिकाऱ्यांच्या टेबलावर फोडलं जातं, ते पूर्ण वाचतात, शिक्का मारतात, त्याची नक्कल प्रकरणाच्या कागदांना जोडतात, आणि मगच ते कोठडीत पोचतं. म्हणून मी हे लिहिलं, आणि म्हणून तारखा, मापं आणि माणसांची नावं इतकी नीट लिहिली, जी तुला सांगायची गरज नव्हती. साहेब, तुम्ही इथवर वाचलं असेल तर हा माझा जबाब समजा. खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता आहे. वही मी बहिणीच्या शाळेच्या दप्तरात ठेवली आहे, आलात की मिळेल. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तीन तारखेला सुनावणी आहे, त्याआधी एकदा तुमच्या मागच्या आवारात जा. तिथे ती गाडी अजून चाकं वर करून पडली आहे. मला जसं खाली झोपावं लागलं तसं तुम्हाला वाकावंही लागणार नाही, फक्त तिच्यावरचा बर्फ झाडा. उलार, ते येईपर्यंत मी घरीच आहे. कोठडीत न्यायला दुसरे मोजे बांधून ठेवले आहेत. तू जेव.

तुझाच, तू विचारलंस तेव्हा खरं न बोललेला,
सीमिक जोलदोशेव
पाणचक्कीमागचं तिसरं घर