लिली बरी झाली की

बदलापूर (पूर्व)
२८ ऑगस्ट

चि. यशू,

कात्री उकळत्या पाण्यात टाकलीय. ती निघेपर्यंत हात मोकळे आहेत, म्हणून लिहायला घेतलं. फोनवर तू "आई, ऐक ना" म्हणतेस आणि मी ऐकत बसते. कागदावर तुला ते जमणार नाही.

जयभीम. जावईबापू बरे असतील. तुझी कंबर कशी आहे?

लिलीचं विचारत होतीस. "लिली बरी झाली की घर विकून पुण्याला येते, कायमची," असं मी पावसाच्या आधी म्हणाले होते. तेव्हा वाटलं होतं, थोड्या दिवसांचं काम आहे.

आधी पानांवर अळ्या होत्या. काळ्या, अंगावर पांढरे ठिपके, डोकं तांबूस. दिसायला नीटनेटक्या, खायला अधाशी. रोज सकाळी चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. निंबोळी तेल फवारलं. गेल्या. तुला कळवायचं राहिलं.

मग पानांवर तांबडे डाग आले. मला वाटलं, अळ्यांचेच व्रण. धुऊन निघतील म्हणून रोज संध्याकाळी वरून पाणी मारत होते. डाग लांब होत गेले, फुलाच्या दांड्यावर आले, दांडा तिथे वाकू लागला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. अळी कुरतडते. ती असे डाग पाडत नाही. ही बुरशी. तिला ओलं पान लागतं, आणि मी तिला रोज आंघोळ घालत होते.

उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या दुकानात जाऊन किलोभर तांब्याचं बुरशीनाशक मागितलं.

"माताजी, खेती कितना है?"

"खिडकीखाली एक वाफा."

"फिर पूरा किलो कायको? आधा उल्हासनगर फवारनेका है क्या?"

लहान पुडी घेऊन आले. डागी पानं कापून पिशवीत बांधली, घंटागाडीत दिली. औषध फवारलं. पाणी फक्त मुळाशी. नवी पानं हिरवीगार आली. आणि मग पुन्हा डाग. या वेळी खालून, मातीच्या बाजूने.

वर्षावास सुरू आहे, तुला माहीत आहे. पावसाळाभर दर रविवारी विहारात धम्मग्रंथाचं वाचन असतं, बायका घरची फुलं आणतात. वाहिलेली फुलं कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून वंदनेनंतर ती मी घरी आणायचे आणि लिलीच्या बुडाशी पसरायचे. तुझे बाबा होते तेव्हापासून हे चालू होतं. गेल्या महिन्यात फुलं गोळा करताना गयाबाईंच्या लिलीचा दांडा हातात आला. त्यावर तोच तांबडा डाग. मग सगळं ताट नीट पाहिलं. लिलीच्या निम्म्या दांड्यांवर होता. अख्ख्या कॉलनीची बुरशी मी दर रविवारी श्रद्धेने घरी आणत होते.

तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं.

गयाबाई म्हणाल्या, "म्हंजे आमच्या फुलांनी तुझी लिली बाटली होय गं, वेणू?"

मग त्याच पहिल्या हसल्या, तोंडाला पदर लावून.

त्यांची नात मैत्रेयी म्हणाली, "आजी, विहारात बसून हा शब्द?"

"मग काय म्हनू? इन्फेक्शन? ते माझ्या कवळीतून निघत नाय."

त्या दिवशी वाचन पुढे सरकलंच नाही.

आता विहाराच्या मागे खड्डा आहे. फुलं त्यात जातात, वर माती आणि चुना. डागी दांडा कुणी आणत नाही. वाचन संपलं की चपलांपाशी बायका थांबतात, हातात पिशव्या, पिशव्यांत पानं. "वेणूताई, बघा ना, अळी का बुरशी?" एकीने गुलाबाची फांदी आणली. गुलाबाचं मी बघत नाही म्हटलं. मग बघितलं.

ही कात्रीही गयाबाईंकडे न्यायची आहे. एका झाडाचं दुसऱ्याला लागू नये, म्हणून उकळते.

आपली लिली बरी आहे. नव्या पानांवर एक डाग नाही. काल फूल उमललं. म्हणजे मला आता कारण उरलं नाही.

यशू, मी पुण्याला राहायला येत नाही. तू खोली रंगवलीस, गॅलरीत दोन कुंड्यांची जागा ठेवलीस, ते मला दिसतं. मी एकटी पडले असं तुला वाटतं. बाबा गेल्यावर मलाही वाटायचं. आता दुपारी जरा एकटं बसायचं तर दाराला कडी घालावी लागते.

मी येईन. परतीचं तिकीट काढून येईन. रागावलीस तर पत्रातच रागाव, म्हणजे तुझं सगळं म्हणणं मला सावकाश वाचता येईल.

तुझीच, आणि इथलीच,
आई

२९ ऑगस्ट. सकाळी तू ठरवलेला एजंट चंदर एका जोडप्याला घेऊन आला. त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या. घर त्यांना आवडलं. विकायचं नाही, असं मी सांगितलं. चहा पिऊन गेले.